मेलास? बरं झालं!

रविवार, ७ डिसेंबर. संध्याकाळी कमिटीची मीटिंग होती, म्हणून सकाळीच सोसायटीची तक्रारवही घेऊन बसले. वहीतल्या तक्रारी एका कागदावर नीट उतरवून काढायच्या, एवढंच काम. पार्किंगच्या तीन, कबुतरांच्या दोन, गच्चीवर पापड वाळत घालण्याबद्दल एक. शेवटची दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांची होती. ती मी दोनदा वाचली.

'वरील फ्लॅट ३०४ मधून दर रविवारी साडेदहा ते साडेअकरा या वेळेत "मर, मर, आता मर" असे मोठ्याने ओरडण्याचा आवाज येतो. माझी आई अंथरुणाला खिळून आहे. कृपया दखल घ्यावी.'

३०४ म्हणजे धुरी.

अनंत धुरी. वय साठीच्या आगेमागे. लग्न केलं नाही. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि एक चिमुकली वही. इथेच कांजूरमार्गला एका कारखान्यात सत्तावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. कारखाना बंद पडला, तिथे टॉवर आला, आणि धुरी घरी बसून सहावी ते आठवीच्या मुलांना ऑनलाइन व्हिडिओ गेम शिकवायला लागले. खेळायला नाही, बनवायला. हा फरक त्यांनी मला आत्तापर्यंत सहा वेळा समजावलाय. फी घेत नाहीत. मुलं ठोकळ्याला ठोकळा जोडल्यासारखी संगणकावर सूचना जोडतात, आणि पडद्यावर माकड, गाडी, भूत, जे काय असेल ते चालायला लागतं.

चालायला लागलं की धुरी म्हणणार, "आता मर."

त्यांचं म्हणणं असं, की आपण बनवलेल्या गेममध्ये आधी आपण मरून बघायचं. कुठे मरतो, का मरतो, मेल्यावर परत उठायला किती वेळ लागतो. पोरगं बिचारं कडेकडेने सांभाळून खेळत असतं, आणि हे इकडून ओरडतात, "जपून काय चालतोस? मर! मेलास? बरं झालं! कसा मेलास ते सांग." फार रंगात आले की मालवणीत घसरतात. "मेलस? बरा झाला! आता ऊठ, परत चल!"

एकदा मी विचारलं, "अहो, शिकवताना दुसरा शब्द नाही का मिळत?"

"राणेबाई," ते म्हणाले, "आमच्या कारखान्यात चूक झाली की मेमो मिळायचा. इथे चूक झाली की परत सुरुवात मिळते. मी सत्तावीस वर्षं मेमो घेतलेत. मला ओरडू द्या."

धुरींची दुसरी खोड याहून वाईट. ते सांगत नाहीत. बघतात.

गेम बनवणाऱ्यांचा म्हणे नियम असतो. आपला गेम दुसऱ्याच्या हातात दिला की आपण तोंड उघडायचं नाही. तो अडखळला, चिडला, भलतीकडे गेला, तरी गप्प बसून लिहून घ्यायचं. सांगितलं की टेस्ट संपली. हा नियम धुरींनी सगळ्या जगाला लावून टाकलाय. त्यांच्याकडे गेलं की ते बिस्किटांचा डबा पुढे ठेवतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा झाकण ओढून पाहिलं, दाबून पाहिलं, नखं लावून पाहिलं. हे समोर उभे, वही-पेन्सिल घेऊन.

"अहो धुरी, कसा उघडतो सांगा ना!"

मान हलवली. नाही.

मी बिस्किट न खाता घरी आले. पुढच्या वेळी डबा बदललेला होता, आणि वहीत माझ्या नावासमोर लिहिलं होतं, 'तीन प्रयत्न. मग राग. दोष डब्याचा.'

गेल्या वर्षी नळ दुरुस्त करायला प्लंबर आला, त्याला यांनी कोणता कॉक कोणाचा ते सांगितलंच नाही. त्याने अख्ख्या विंगचं पाणी बंद केलं. पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ साबण लावलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून जिन्यात आले. "धुरी, तुम्ही तिथेच उभे होतात ना? मग बोललात का नाही?" यावर धुरी शांतपणे म्हणाले, "बोललो असतो तर कळलं नसतं, की कोणालाच कळत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीवर जाऊन सगळे कॉक स्वतःच्या हाताने चार रंगांत रंगवले. तेव्हापासून आजतागायत आमच्याकडे चुकीचा कॉक बंद झालेला नाही, हेही सांगायला हवं.

नवीन गेट बसवलं तेव्हा तर तीन दिवस वॉचमनशेजारी स्टूल टाकून बसले आणि कमिटीला पत्र दिलं, 'एकशे बारा माणसांपैकी त्र्याऐंशी माणसांनी गेट आधी ढकलले. ते ओढायचे आहे. माणसे बदलता येणार नाहीत. कडी बदलावी.' आम्ही कडी बदलली. काय करणार?

तर असे धुरी. त्यांच्याकडे जायच्या आधी मी सावंतांकडे डोकावले. सावंत बाजारात गेले होते. आजी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, वरच्या ओरडण्याचा त्रास होतो का हो?"

"मला नाही गं. माझ्या मुलाला होतो. पहिल्यांदा वाटलं, मलाच म्हणतोय की काय मेला. पण तो नंतर 'ऊठ, परत चल' पण म्हणतो ना? इथे सगळे मला झोपा म्हणतात. ऊठ म्हणणारा तो एकच."

"मग तक्रार खोडू?"

"खोड की. आणि त्याला म्हणावं, दुपारी पण घे एखादा वर्ग."

वही हातातच होती, मी तिथल्या तिथे तक्रारीवर काट मारून घेतली. आता वर जायची गरज नव्हती. पण अकरा वाजायला आले होते, आणि नेमका त्या दिवशी वरून काहीच ऐकू येत नव्हतं. तो माणूस रविवारी अकरा वाजता गप्प असेल तर तब्येत बघून यावं, एवढ्याच विचाराने मी जिना चढले.

दार उघडंच होतं. आत पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबले.

टेबलावर लॅपटॉप. त्याच्या बाजूला स्टीलच्या डब्यांना टेकवून उभे केलेले दोन जुने मोबाइल आणि काच तडकलेला एक टॅब. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली. ओंकार. यश. तन्मयी. लॅपटॉपवर काळे चौकोन, त्यांत तीच नावं, आणि आणखी एका चौकोनात 'सई'. धुरी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर सरकत होते, ओरडायला फुरसतच नव्हती. डाव्या अंगठ्याने टॅबवर खेळत होते, उजव्या हाताने एका मोबाइलवर टाइप करत होते. लॅपटॉपवर अक्षरं उमटली. यश म्हणत होता, 'मस्त झालंय सई. पण अवघड आहे.'

मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा मेमो मिळाल्यासारखा झाला. तोंडावर बोट ठेवलं. मग खिशातली वही काढून भराभर काहीतरी लिहिलं आणि पान माझ्यासमोर धरलं.

'खरी फक्त सई. तिला माहीत नाही. कृपया गप्प.'

मी वेताच्या बुटक्या मोड्यावर बसले. वहीतून एकेक पान माझ्याकडे येत गेलं आणि मला उलगडा झाला. जूनमध्ये सात मुलं होती. तिघं पहिल्या महिन्यातच गेली. दिवाळीत ओंकारची स्कॉलरशिपची शिकवणी रविवारी आली. यशच्या वडिलांची बदली झाली. तन्मयीच्या आईने निरोप पाठवला, याचे मार्क कशात धरतात? उरली सई. सातवीतली, बोरिवलीची. तिच्या आजीची बाजारात मासळीची पाटी आहे. तिचा गेम अर्धा झाला होता. वर्गात आपण एकटीच आहोत असं कळलं तर ती पण जाईल, म्हणून एका रविवारापुरता यांनी जुन्या मोबाइलवर ओंकार उभा केला. मग यश. मग तन्मयी. ओंकारचा माइक बिघडलेला, यशच्या नव्या गावी रेंज कमी, तन्मयी लाजरी, म्हणून तिघं बोलत नाहीत, नुसतं टाइप करतात, असं सईला सांगितलेलं. पाच आठवडे हे चाललं होतं.

मी त्यांची पेन्सिल ओढून घेतली आणि लिहिलं, 'हे बरोबर नाही.'

त्यांनी खाली लिहिलं, 'ठाऊक आहे.'

लॅपटॉपमधून मुलीचा आवाज आला. "सर, झालं का सगळ्यांचं खेळून? मरणाचे फोटो टाका ना."

ती पद्धत धुरींनीच लावलेली. गेममध्ये जिथे खेळणारा मरतो तिथे एक लाल फुली राहते. खेळ संपला की प्रत्येकाने आपल्या फुल्यांचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. बनवणाऱ्याने ते बघून ठरवायचं की काय बदलायचं. धुरींनी तीन उपकरणांवरून तीन फोटो टाकले, आणि चौथा स्वतःचा.

सईचा गेम मला आवडला, आणि मला असले प्रकार आवडत नाहीत. मासळीबाजारात एक खेकडा पाटीतून निसटतो आणि घरी, खाडीकडे निघतो. सुऱ्यांच्या खालून, तराजूवरून, बर्फाच्या पेट्यांवरून उड्या मारत. सरळ चालत नाही, आडवाच चालतो.

"काय फर्स्ट क्लास चालते गं तुझी कुर्ली!" धुरी म्हणाले. आवाज नेहमीसारखा करायचा प्रयत्न होता.

"सर, चिंबोरी. कितीदा सांगू? आमच्यात चिंबोरी म्हणतात."

"मालवणात ती कुर्लीच."

"ही बोरिवलीची आहे, सर."

मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "सये, जेवाला येतंस का नाय?" आणि सई ओरडली, "आजी, थांब ना, वर्ग चालू आहे!" वर्ग हा शब्द ऐकून धुरी क्षणभर त्या डब्यांकडे बघत राहिले.

मग सई म्हणाली, "सर, मी ना चारही फोटो एकावर एक ठेवलेत. दाखवते."

पडद्यावर तिचा बाजार दिसला. सुऱ्यांपाशी एकही फुली नव्हती. तराजूपाशी नव्हती. तिसऱ्या बर्फाच्या पेटीच्या उजव्या कडेला मात्र लाल फुल्यांचा ढीग पडला होता, एखाद्या भिंतीवर पान थुंकल्यासारखा. चौघांच्या फुल्या एकमेकींवर बसल्या होत्या.

"सगळे इथेच मरतात," सई म्हणाली. "मागच्या रविवारी पण इथेच. उडी मारायला उशीर करतात. ओंकारला जेवढा उशीर होतो, तेवढाच यशला होतो. तन्मयीला पण. आणि तुम्हाला पण, सर."

 धुरींनी हातातला टॅब मांडीवर पालथा ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. लॅपटॉपकडेही नाही. मला वाटलं आता काहीतरी सारवासारव करतील. नेट खराब, पेटी निसरडी, काहीतरी. पण त्यांना खोटं बोलता येईना, कारण समोर टेस्टचे आकडे होते, आणि आकड्यांशी त्यांनी जन्मात खोटेपणा केला नव्हता. मनात आणलं असतं तर तीन वेगवेगळ्या ठिकाणी मुद्दाम मरून दाखवता आलं असतं. ते त्यांना सुचलंच नाही. चारही वेळा ते प्रामाणिकपणे, जिथे जमत नव्हतं तिथेच मेले.

"सई..." एवढंच म्हणाले.

"तर मी काय केलं माहितीये का, सर?" तिने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "इथे एक फळी टाकली. हे बघा. आता उशीर झाला ना, तरी पाय टेकायला जागा आहे."

बर्फाच्या दोन पेट्यांच्या मधे एक बारकी तपकिरी फळी आली होती. मासे ठेवायची असते तशी, ओली, कडेला खवलं चिकटलेली. खवलंसुद्धा काढली होती पोरीने.

"आता खेळा," सई म्हणाली. "पण सर, एकदाच खेळा. चार-चारदा नको. तुमचा हात दुखेल."

मी मोड्यावरून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. माणसाकडे अशा वेळी बघत बसू नये, निदान मी तरी बघत नाही.  मग धुरी म्हणाले, "कधी कळलं गं तुला?"

"पहिल्याच रविवारी. ओंकारला मी रोज शाळेच्या बसमध्ये बघते, सर. तो म्हणाला, मी तर दिवाळीपासून येतच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणता ना? सांगायचं नाही. बघायचं."

धुरींच्या घशातून कसलासा आवाज आला. हसले असावेत.

"बाय माझे," ते म्हणाले, "माझं चुकलं. नावं खोटी घातली मी. मरणं मात्र खरी होती हां."

"ते कळलं मला."

"तू आता... म्हणजे पुढच्या रविवारी..."  सत्तावीस वर्षं नोकरी केलेला माणूस, कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशीही म्हणे आपलं टेबल पुसून, पेन्सिलींना टोक करून घरी आला होता. आणि इथे एका सातवीतल्या मुलीला 'येशील का' विचारताना अडकला.

"येणार ना, सर. अजून खाडी कुठे काढलीये? ती घरी कशी पोचेल?" आणि मागे वळून ओरडली, "आले गं आजी! वाढ!" मग तिचा चौकोन गेला. पडद्यावर ओंकार, यश आणि तन्मयी राहिले.

धुरी एकेक मोबाइल उचलून बंद करत गेले. ओंकारपाशी थोडा वेळ लागला, त्याचं बटण बिघडलंय. डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी काढल्या, पण फेकल्या नाहीत, वहीत चिकटवल्या. मग मी आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्ही कशाला आला होतात, राणेबाई?"

"सावंतांच्या आजींचा निरोप आहे. दुपारी पण एक वर्ग घ्या म्हणतात."

"कोणाचा?"

मी विषय बदलला. मी म्हटलं, "सईच्या आईचा नंबर आहे ना? तिला आजच फोन करा. झालं ते सगळं सांगा, तुमच्याच तोंडाने. ती मुलीला पाठवेल की नाही, ते ती ठरवेल."

"हो," ते म्हणाले. "आत्ताच करतो." आणि चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. फोनकडे हात गेला नाही. मी दार ओढून घेतलं, कारण त्या माणसाला कोणी बघत असेल तर नंबरही फिरवता आला नसता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांना बघणाऱ्याला, स्वतःकडे कोणी बघतंय, याची सवय नव्हती. मी जिन्यात पाच मिनिटं उभी राहिले. आतून आवाज आला, "नमस्कार, मी सईचा सर बोलतोय. माझ्याकडून एक चूक झाली आहे." मग मी खाली आले.

संध्याकाळी मीटिंग झाली. पार्किंगवर दीड तास गेला, कबुतरांवर अर्धा. धुरी नेहमीप्रमाणे शेवटच्या खुर्चीवर होते. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सईची आई म्हणाली, पाठवते. पण पुढच्या वेळी तिची आजी पण शेजारी बसणार आहे. चिंबोरीचे पाय बरोबर काढलेत की नाही ते तिला बघायचंय." आणि थोडं थांबून, "म्हणजे दोघी झाल्या."

सोमवारी सकाळी मी दूध तापत ठेवलं आणि धुरींकडून त्या गेमची लिंक मागवून घेतली. सव्वासातला खेळायला बसले. पावणेआठपर्यंत मी अकरा वेळा मेले. चारदा सुरीखाली, पाचदा तराजूवरून घसरून, दोनदा तर पाटीतूनच निघता आलं नाही. बर्फाच्या पेट्यांपर्यंत मी पोचलेच नाही. फुल्यांचा फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकायला धुरींकडे पाठवला. खाली लिहिलं, 'सुनीता राणे, वय त्रेपन्न, सोसायटीची सेक्रेटरी. ही बाई खरी आहे. पाटीतून बाहेर कसं पडायचं ते मला समजलं नाही. दोष पाटीचा.'

मग उतू गेलेलं दूध पुसायला घेतलं.